आजींची ट्यूब : दादरमधल्या एका हॉलच्या उजेडाचं प्रकरण

जुलै महिना, दुपारचे चार. बाहेर पाऊस लागून राहिलेला. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या हॉलमध्ये छताचे दहाही दिवे चालू होते. तरी घरातल्या आजी वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसल्या होत्या. "इथे जरा दिसतं," म्हणाल्या. त्यांच्या डोक्यावर, स्वयंपाकघराच्या भिंतीवर, जुन्या पट्टीवरची चार फुटी ट्यूब होती. घरात तेवढीच उरलेली.

मी घरांच्या प्रकाशयोजनेचं काम करते. मला बोलावलं होतं त्यांच्या सुनेने. फोनवर तिचं म्हणणं होतं, "हॉलमध्ये अजून चार-सहा दिवे कुठे टाकता येतील ते सांगा." दोनच वर्षांपूर्वी मुलाने हौसेने फॉल्स सीलिंग करून घेतलं होतं. मध्ये खोलगट चौकोन, कडेने लपवलेली एलईडीची पट्टी आणि भोवती छतात बसवलेले, सरळ खाली झोत टाकणारे दहा गोल डाउनलाइट. फोटोत हॉल फार छान दिसायचा. संध्याकाळी मात्र दहावीतली नात डोळे चोळायची, आजी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसायच्या, आणि मुलगा रात्रीच्या व्हिडिओ मीटिंगला खिडकीतल्या कोपऱ्यात मोबाईलचा टॉर्च टेकवून बसायचा. चार माणसं, एक बेडरूम आणि हा हॉल. म्हणजे बैठक, जेवण, अभ्यास, देवघर, ऑफिस आणि नातीची झोप, सगळं इथेच. मुंबईतल्या बहुतेक घरांत 'लिव्हिंग रूम' म्हणजे हेच असतं, पण तिथल्या उजेडाचा विचार पाहुणे येतात त्या दोन तासांपुरता होतो.

अटी दोन होत्या. इमारत पुनर्विकासाला जायची आहे, दोन-तीन वर्षांत घर रिकामं करावं लागेल, म्हणून वायरसाठी भिंतींना झिरी मारायची नाही. आणि आत्ताच एवढा खर्च झालेला आहे, तेव्हा सीलिंग काढायचं नाही.

हॉलचा इतिहास

हे आधी सांगते, कारण अंधाराची निम्मी कारणं त्यातच आहेत.

१८९६च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याचा हा भाग त्याच ट्रस्टने आखलेला. कोंदट, अंधाऱ्या खोल्यांचा रोगराईशी संबंध आहे हे तेव्हा शहराच्या मनावर ठसलं होतं. ट्रस्टचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम प्रसिद्ध आहे. साध्या भाषेत सांगायचं तर, समोर जेवढी मोकळी जागा असेल त्याच्या साधारण दुप्पटच उंची, त्याहून जास्त नाही. म्हणजे खालच्या मजल्यावरच्या खोलीलाही आकाशाचा तुकडा मिळाला पाहिजे. ज्यांनी ही वसाहत आखली त्यांनी उजेड कागदावर मोजून ठेवला होता.

पुढे तो आपणच थोडा थोडा घालवला. या हॉलला उत्तरेला चार फुटांची गॅलरी होती. ती आत घेतली. हॉल चौदा फुटांचा अठरा फूट झाला, पण खिडकी चार फूट लांब गेली. मूळ छत साडेदहा फूट उंच, ते सीलिंगने नऊ फुटांवर आलं. पडद्याचा रॉड लपवायला सीलिंगवाल्याने पेल्मेट खाली सोडलं, त्यात खिडकीचा वरचा दहा इंच भाग झाकला गेला. हे नुकसान सगळ्यात मोठं होतं आणि कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. खिडकीच्या वरच्या भागातून येणारा उजेड खोलीत सर्वांत आतपर्यंत पोचतो. खालच्या भागातला खिडकीपाशीच पडतो. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दुप्पट-अडीचपट अंतरापर्यंतच दिवसाचा उजेड कामापुरता जातो, असा ढोबळ हिशेब आम्ही धरतो. सात फुटांवरची कड सहा फूट दोन इंचांवर आणली, म्हणजे आतले दोन फूट तरी अंधारात ढकलले.

त्यावर काचेला काळी फिल्म आणि ग्रिलमध्ये कुंड्या, रिकामे डबे, न वापरलेला कूलर. समोरच्या इमारतीतून दिसतं म्हणून जाड पडदा दिवसभर ओढलेला. उत्तरेचा प्रकाश हा खरं तर घराला मिळालेला सगळ्यात शांत प्रकाश असतो. ऊन तोंडावर येत नाही, तिरीप सरकत नाही. तो या घरात असून नसल्यासारखा होता.

मोजमाप

लक्स मीटर, म्हणजे जागेवर पडणारा उजेड मोजायचं यंत्र, घेऊन मी तीन वेळा गेले. पावसाळी दुपारी, संध्याकाळी साडेसातला आणि रात्री अकरानंतर. एकदा जाऊन काही कळत नाही. खोली दिवसातून चारदा वेगळी असते.

दिवे बंद ठेवून दुपारी खिडकीपाशी ३०० लक्स, मध्यावर ४०, आतल्या भिंतीपाशी ८. दिवे लावल्यावर हॉलच्या मधोमध जमिनीवर १७०. बैठकीच्या खोलीत सर्वसाधारण वावराला १०० ते १५० लक्स मी पुरेसे धरते. म्हणजे हिशेबाने हा हॉल अंधारा नव्हताच. दिवे वाढवून मागणाऱ्या सूनबाईंना मी आकडा दाखवला तर त्यांचा विश्वास बसेना. "मग अंधार का वाटतो?"

कारण आपण जमीन बघत बसत नाही. बसल्या जागेवरून नजरेला भिंती दिसतात, समोरच्या माणसाचा चेहरा दिसतो, छत दिसतं. डोळ्याच्या उंचीवर भिंतीवर मीटर धरलं तर ३५. त्यातून टीव्हीच्या मागची अख्खी भिंत गडद अक्रोडी लॅमिनेटची. असं लॅमिनेट आलेल्या उजेडाचा जेमतेम दहावा हिस्सा परत देतं, पांढरी भिंत ऐंशी टक्क्यांच्या आसपास देते. डाउनलाइटचा झोत सरळ खाली उतरून चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर पडत होता आणि तिथून दहा दिव्यांची दहा प्रतिबिंबं वर डोळ्यांत येत होती. जमीन झगझगीत आणि भिंती काळवंडलेल्या. अशा खोलीत डोळा झगझगाटाला जुळवून घेतो, मग बाकीचं आणखी काळं दिसतं.

आजींच्या खुर्चीपाशी गोष्ट आणखी स्पष्ट झाली. खुर्ची भिंतीला टेकलेली, जवळचा दिवा भिंतीपासून अडीच फूट पुढे, म्हणजे त्यांच्या समोर. त्या पेपर उभा धरून वाचतात. पेपरच्या बाहेरच्या बाजूला १९० लक्स, वाचायच्या बाजूला ७०. दिवा पेपरची पाठ उजळत होता. वर तोच दिवा चष्म्यात चमकत होता.

वयाचा हिशेबही इथे धरला पाहिजे. साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि नेत्रभिंग पिवळट होत जातं. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. घरात जे दिवे 'पुरतात' असं आपण म्हणतो ते चाळिशीतल्या डोळ्यांना पुरत असतात. वातींचा कापूस आणि निवडायचे तांदूळ घेऊन ही बाई घरभर उजेड शोधत फिरते, हे दोन वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांनीही तक्रार केली नाही. फक्त मधूनमधून म्हणायच्या, "पूर्वीची ट्यूब बरी होती." ते जुन्याचं कौतुक समजून सोडून दिलं गेलं.

नातीच्या डोळ्यांचं कारण निराळं निघालं. पंख्याच्या मध्यापासून दोन फुटांवर, म्हणजे बरोबर पात्यांच्या टोकांवर, दोन डाउनलाइट होते. पंखा दोनवर असला की पात्याची सावली सेकंदाला दहाएक वेळा वहीवरून जाते. ही चूक मी मुंबईत घरोघर बघते. छताचा नकाशा काढताना पंखा म्हणजे फक्त मध्ये एक फुली असते. हिशेब सोपा आहे : अठ्ठेचाळीस इंची पंख्याचं पातं मध्यापासून दोन फूट जातं, छतापासून एक फूट खाली फिरतं, आणि झोत तिरका पसरतो. म्हणून पंख्याच्या मध्यापासून तीन फुटांच्या आत छतात दिवा नकोच.

शिवाय सीलिंगच्या पट्टीचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा छोटा डबा, हलक्या प्रतीचा होता. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर पडद्यावर काळे पट्टे सरकत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे वाईट ड्रायव्हरवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. उघड्या डोळ्यांना ते दिसत नाही, काहींना त्रास मात्र होतो. दुकानात दिवा लावून मोबाईल धरून बघायला अर्धं मिनिट लागतं.

काय केलं

पहिला आठवडा एक रुपयाही खर्च न करता गेला. काचेची फिल्म खरवडली, ग्रिल रिकामं केलं, काचा दोन्हीकडून धुतल्या. मग सुताराकडून पेल्मेट कापून घेतलं. पडद्याचा प्रश्न आजींनीच सोडवला : "आमच्याकडे खिडकीला अर्धा पडदा असायचा." स्प्रिंगवर ताणलेला, खालच्या निम्म्या खिडकीपुरता. समोरच्यांना आतलं दिसत नाही आणि वरचं आकाश मोकळं राहतं. पातळ पांढऱ्या कापडाचा तो अर्धा पडदा लावल्यावर तशाच पावसाळी दुपारी मध्यावर ४० ऐवजी ११० लक्स आले. माझ्या सगळ्या दिव्यांनी मिळून केलं नसतं एवढं काम त्या कापडाने केलं.

मग आजींची ट्यूब. अठरा फुटी लांब भिंतीवर सात फुटांच्या उंचीला, एका ओळीत, बावीस वॉटच्या दोन एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबसारख्या लांब पट्ट्या, लावल्या. समोर पाच इंच रुंद प्लायची फळी, आतून पांढरी रंगवलेली. दिवा दिसत नाही. उजेड भिंतीवरून वर छताला आणि खाली बैठकीला जातो. वायर केसिंग-कॅपिंगमधून, म्हणजे भिंतीवरून जाणाऱ्या झाकणाच्या पट्टीतून, ती भिंतीच्याच रंगात रंगवलेली. झिरी कुठेच नाही.

ही जुनी ट्यूबचीच युक्ती आहे. आपल्या आईवडिलांच्या घरात लांब भिंतीवर उंच लावलेली ट्यूब भिंत उजळायची, छत उजळायची, आणि चार फुटांवर पसरलेला उजेड असल्याने कुणाचीच काळी कडक सावली पडायची नाही. बटबटीत दिसायची हे खरं. पण तिची जागा शहाणपणाची होती. फॉल्स सीलिंगच्या लाटेत ती जागा गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बॅटन लावून, दहापैकी सहा डाउनलाइट बंद करून पुन्हा मोजलं. भिंतीवर ३५ चे १२० झाले. जमिनीवर १७० चे ११० झाले, म्हणजे कमी! आणि घरातली चारही माणसं म्हणाली की हॉल पहिल्यांदाच लख्ख वाटतोय. ग्राहकांना समजावताना मी हे दोन आकडे आता नेहमी सांगते.

पंख्याजवळचे दोन डाउनलाइट काढून भोकं बुजवली. पीओपीच्या कारागिराला एक दिवस लागला. खिडकीकडचे चार आणि टीव्हीसमोरचे चार तसेच आहेत, पण आता वेगळ्या बटणांवर. पूर्वी दहा दिवे एकाच बटणावर होते, आणि माझ्या मते या घरातली ही सगळ्यात महागडी चूक. एका बटणावर सगळं असलं की घरात दोनच स्थिती उरतात, लग्नाचा हॉल किंवा काळोख. डिमर लावावा अशी मुलाची इच्छा होती, पण आधीचे दिवे डिमरवर चालणारे नव्हते, ते गुणगुणू लागले. चार बटणं डिमरपेक्षा स्वस्त पडली आणि आजींनाही वापरता येतात. नातीने त्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या : बसायचा, वाचायचा, पाहुण्यांचा, रात्रीचा. दिव्याचं नाव नाही, कामाचं नाव. मला ते फार आवडलं.

वाचायचा दिवा म्हणजे आजींच्या डाव्या खांद्यामागे उभा लॅम्प, शेडची खालची कड बसल्यावर डोळ्याच्या उंचीला, नऊ वॉटचा बल्ब. पानावर साडेचारशे लक्स. तांदूळ निवडायला स्टीलचं ताट चमकतं, म्हणून मी गडद निळा मेलामाइनचा ट्रे सुचवला. पांढरा दाणा गडद पाठीवर उठून दिसतो. हीसुद्धा प्रकाशयोजनाच, फक्त वायरमन लागत नाही.

नात डावखुरी आहे. टेबल लॅम्प डावीकडे ठेवायचा ही शाळेतली शिकवण तिच्या बाबतीत उलटी. तिचा लॅम्प उजवीकडे, आणि टेबल खिडकीला काटकोनात, म्हणजे दिवसाचा उजेडही उजवीकडून येतो आणि लॅपटॉपच्या पडद्यात खिडकी दिसत नाही. मुलाच्या मीटिंगलाही तेच टेबल. समोरच्या उजळलेल्या भिंतीनेच चेहऱ्यावर पुरेसा प्रकाश येतो, टॉर्च सुटला.

जेवणाच्या टेबलावर लोंबता दिवा हवा, असा सूनबाईंचा आग्रह होता. मी नको म्हटलं. टेबल घडीचं आहे, जेवण झालं की भिंतीला जातं, आणि तिथे नातीचा पलंग उघडतो. दिवा मात्र तिथेच लोंबत राहिला असता, रोज कुणाच्या ना कुणाच्या कपाळाच्या उंचीवर.

देवघरातली मागून लुकलुकणारी लाल-हिरवी माळ काढली. वरून एक छोटा पिवळसर दिवा, मूर्तीच्या थोडा पुढे. समई लावली की तो बंद करतात.

माझी चूक

बॅटनचा रंग मी आधी २७०० केल्विन निवडला होता, पिवळसर, उबदार. मला स्वतःला संध्याकाळी तोच आवडतो. दोन दिवसांत आजींचा निरोप आला : "उदास वाटतं. दिवे गेल्यावर कंदील लावल्यासारखं." मी सुरुवातीला समजावू पाहिलं, आणि ते चुकलं. साठ वर्षं पांढऱ्या ट्यूबखाली घर सारवलं-सावरलं, पाहुणे बसवले, त्या पिढीला पांढरा उजेड म्हणजे स्वच्छ घर वाटतं. शिवाय त्यांचा ऑपरेशन न झालेला डोळा आधीच सगळं पिवळट दाखवतो. त्यात मी आणखी पिवळं घातलं. मुलाला ६५०० केल्विनचा निळसर पांढरा हवा होता, तो रात्री झोपायच्या खोलीत मला मान्य नव्हता. शेवटी बॅटन ४००० वर, आजींचा लॅम्पही ४००० वर, आणि खिडकीकडचे चार डाउनलाइट ३००० वर. रात्री नऊनंतर घर आपोआप त्या चारांवर येतं.

बॅटन बदलायला मी आणि वायरमन पुन्हा लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, गेलो. तिथे दहा दुकानांत दहा भाव ऐकायला मिळतात, पण खोक्यावर बघायचं ते वेगळंच. वॉट बघू नका, ल्युमेन बघा. वॉट म्हणजे दिवा किती खातो, ल्युमेन म्हणजे किती देतो. दुसरं, सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा. साधा पांढरा एलईडी आत निळाच असतो, त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे पांढरा दिसतो. हलक्या दिव्यात लाल रंग उपाशी राहतो, आणि सोलकढी राखाडी, माणसं आजारी दिसतात. बैठकीला ८० चालतो, वाचायच्या आणि जेवायच्या जागी मी ९० मागते. "ताई, एवढं कोण बघतं?" वायरमन म्हणाला. त्याच्या हातावर दोन्ही दिवे धरून दाखवले, मग त्याने स्वतःच्या घरासाठीही एक घेतला.

रात्र

आजी रात्री दोनदा उठतात. पूर्वी झिरोचा बल्ब जळायचा, जो नावाला झिरो असला तरी पंधरा वॉट खातो, आणि नातीच्या डोळ्यांवर यायचा. तो काढून घोट्याच्या उंचीवर दोन छोटे पिवळे सेन्सर-दिवे लावले. पहिला चुकीच्या जागी बसला. नात कुशीवर वळली की पेटायचा. तो पलंगाच्या आडोशाला, पॅसेजच्या तोंडाशी हलवला. आता आजींनी पाय खाली टेकला की फक्त जमीन उजळते. त्यांच्या बिछान्याशी हॉलचा टू-वे स्विचही, म्हणजे एकच दिवा दोन ठिकाणांहून लावता येईल असा, दिला. छतातल्या पट्टीचा ड्रायव्हर सीलिंगच्या आत कोंडलेला होता, काढायला झाकणच नव्हतं. मुंबईच्या दमट हवेत ड्रायव्हर जाणारच, म्हणून नवा कपाटाच्या माथ्यावर, हात पोचेल असा ठेवला.

एकूण खर्च एकोणीस हजारांच्या आत, त्यातली निम्म्याहून जास्त मजुरी. रोज संध्याकाळी पूर्वी दीडशे वॉट जळायचे, आता साठ-सत्तर.

दिवाळीच्या आधी पुन्हा गेले. खिडकीच्या बाहेर, पावसापासून आत, आकाशकंदिलासाठी एक पॉइंट आणि त्याचं बटण हॉलमध्ये, एवढं एक काम राहिलं होतं. दरवर्षी खिडकीच्या फटीतून वायर बाहेर काढायची आणि महिनाभर खिडकी नीट लागायची नाही, हे संपलं.

त्याच दिवशी मुलाने बिल्डरकडून आलेला नव्या फ्लॅटचा नकाशा टेबलावर पसरला. प्रत्येक खोलीच्या छतात बरोबर मध्यभागी एक दिवा, दाराजवळ एक बटणांची पट्टी, बस. सूनबाई म्हणाल्या, यात दिवे कुठे वाढवायचे ते सांगा. आम्ही दिवे तसेच ठेवले आणि आधी त्यावर पलंग, घडीचं टेबल, देवघर आणि आजींची खुर्ची काढली. मग लांब भिंतीवर सात फुटांवर एक रेघ. बिल्डरकडे पाठवलेल्या पत्रात पाच मागण्या आहेत : त्या रेघेवर दोन पॉइंट, खुर्चीमागे एक प्लग, पलंगाशी टू-वे, पॅसेजला जमिनीलगत एक, आणि खिडकीबाहेर आकाशकंदिलाचा. उत्तर अजून आलेलं नाही.